यादवी म्हणजे छोटं युद्ध नव्हे

गेल्या हिवाळ्यात बेळगावच्या शहापुरातल्या एका वाचनालयात महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावर चर्चा ठेवली होती. विषय होता ‘पुढचा लढा कसा’. अर्ध्या तासात विषय बाजूला पडला. पंचविशीतला एक तरुण उठला आणि म्हणाला, “जवान सीमेवर शत्रूशी जसा वागतो तसंच आपण इथं वागायला पाहिजे. आतला शत्रू बाहेरच्यापेक्षा वाईट.” टाळ्या पडल्या. त्याला उत्तर द्यायला एक वयस्कर गृहस्थ उभे राहिले. “अरे, काय बोलायलास हे? घरातलं भांडण आहे. शेवटी आपलीच माणसं, आज भांडतील, उद्या एक होतील. देश बुडतो तो बाहेरच्या शत्रूशी लढाई झाली तर.” त्यांनाही टाळ्या पडल्या, आणि बऱ्याच प्रमाणात त्याच हातांच्या. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो आणि अस्वस्थ होत होतो. दोघे एकमेकांच्या विरुद्ध बोलत होते, पण चुकत होते ते एकाच ठिकाणी. आपसातलं युद्ध आणि परक्याशी युद्ध ही एकाच मापाने मोजायची गोष्ट आहे, असं दोघांनीही धरलं होतं. एकाला ते माप जास्त भरलं, दुसऱ्याला कमी.

माझं म्हणणं असं की या दोन युद्धांची जातच वेगळी आहे. तो फरक क्रौर्यात शोधून सापडत नाही, मेलेल्यांच्या आकड्यात तर मुळीच नाही. तो दिसतो बंदुका थांबल्यानंतरच्या सकाळी. परकं सैन्य हरलं की आपल्या मुलखात परत जातं. यादवीत हरलेला कुठं जाणार? त्याचं घर तिथंच, त्याची विहीर तिथंच, पोरीची शाळा तिथंच. जिंकलेला आणि हरलेला एकाच नळावर घागर घेऊन येतात, आणि कुणाच्या भावाला कुणी मारलं हे दोघांनाही ठाऊक असतं. जो तरुण जवानाचं उदाहरण देत होता त्याने हेच विचारात घेतलं नव्हतं. जवानाचं काम संपतं, तो रजेवर घरी येतो. यादवीत घर हीच आघाडी असते, मग रजेवर यायचं कुठं?

परक्याशी युद्ध कसं संपतं हे बेळगावने जवळून पाहिलं आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त करायला निघालेलं सैन्य आमच्याच परिसरात जमलं होतं. दोन दिवसांत पोर्तुगीजांची साडेचारशे वर्षांची राजवट संपली. कैद झालेले पोर्तुगीज सैनिक पुढच्या वर्षी मायदेशी रवाना झाले. पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व १९७४ मध्ये रीतसर मान्य केलं आणि प्रकरण मिटलं. आज त्यावरून ना लिस्बनमध्ये कुणाची झोप उडते ना मडगावात. सगळीच परकी युद्धं इतकी सरळ संपतात असं मी म्हणत नाही. पण ती संपू शकतात, कारण संपल्यावर दोन पक्षांना जायला दोन वेगळी घरं असतात.

याच्या उलट उदाहरणासाठी परदेशात जायची गरज नाही, आपल्याच इतिहासात ते आहे आणि आपण ते फारसं सांगत नाही. औरंगजेब दक्षिणेत उतरला तेव्हापासून सुमारे २५ वर्षं मराठे त्याच्याशी लढले. छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले, तरी राज्य मोडलं नाही. १७०७ च्या मार्चमध्ये औरंगजेब गेला. मग मोगलांनी काय केलं? आणखी एक फौज पाठवण्यापेक्षा कितीतरी स्वस्तातली गोष्ट केली. त्यांनी कैदेतल्या शाहूंना, संभाजी महाराजांच्या मुलाला, सोडून दिलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खेडला महाराणी ताराबाईंची फौज आणि शाहूंची फौज समोरासमोर आली. ताराबाईंच्या बाजूने उतरलेले सेनापती धनाजी जाधव, ज्यांच्या नावाने मोगलांची घोडी पाण्याला बिचकत असं आपण लहानपणापासून ऐकतो, ते शाहूंना जाऊन मिळाले. त्यांना मी दोष देत नाही. दोन्हीकडे शिवछत्रपतींचंच रक्त असताना निष्ठा नेमकी कुठं ठेवायची? परक्याशी लढताना हा प्रश्न धनाजींना एकदाही पडला नव्हता.

पुढचा हिशेब पाहा. धनाजींचा मुलगा चंद्रसेन शाहूंना सोडून निजामाकडे गेला. १७१४ मध्ये कोल्हापुरात यादवीच्या पोटात आणखी एक यादवी झाली आणि ताराबाई आपल्या मुलासह स्वतःच्याच राज्यात कैदेत पडल्या. निजामाने कोल्हापूरच्या गादीवर आलेल्या दुसऱ्या संभाजींना हाताशी धरलं, म्हणून १७२८ मध्ये बाजीरावाला पालखेडला त्याची कोंडी करावी लागली. शेवटी १३ एप्रिल १७३१ ला वारणेचा तह झाला. साताऱ्याची आणि कोल्हापूरची हद्द ठरली आणि वारणेच्या दक्षिणेपासून तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख कोल्हापूरच्या वाट्याला लिहिला गेला. आपला हा भाग त्याच कागदात येतो. म्हणजे हिंदुस्थानच्या सर्वांत बलाढ्य बादशहाशी सुमारे २५ वर्षं, आणि चुलतभावांत २४ वर्षं. पहिल्या युद्धाने मराठ्यांना एक केलं. दुसऱ्याने जी दोन गाद्यांची वाटणी केली, ती पुन्हा कधी बुजली नाही. शिवाय परक्याला दार उघडून दिलं तेही दुसऱ्यानेच. शाहू आणि ताराबाई यांतलं कोण बरोबर होतं यावर अजूनही वाद घालता येतो. औरंगजेबाच्या बाबतीत तसा वाद कुठल्या मराठी घरात होतो?

आता माझ्या म्हणण्यावर जे आक्षेप येतील त्यांतले तीन खरोखर वजनदार आहेत. पहिला आकड्यांचा. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या कोट्यवधींपुढे कुठली यादवी टिकते, असं विचारलं जातं. संहाराच्या बाबतीत दोन देशांमधली युद्धं कमी नाहीत, हे मान्यच करायला हवं. पण चीनमधल्या १८५० ते १८६४ च्या ताइपिंग बंडात किमान दोन कोटी माणसं गेली असा अंदाज आहे आणि ते मुळात आपसातलं युद्ध होतं. आकड्यांचा तराजू दोन्हीकडे झुकवता येतो, म्हणूनच तो इथं कामाचा नाही. त्यापेक्षा कायद्याकडे पाहा. १९४९ च्या चार जिनिव्हा करारांत मिळून ४२९ कलमं आहेत. युद्धकैद्याला काय खायला द्यावं, त्याची पत्रं कशी पोचवावीत, लढाई संपल्यावर त्याला घरी कसं पाठवावं, सगळं त्यांत लिहिलं आहे. देशांतर्गत युद्धाला यांतलं थेट लागू होतं ते एक, प्रत्येक करारात असलेलं तिसरं कलम. १९७७ मध्ये त्याला एका छोट्या पुरवणीची जोड मिळाली, पण यादवीत पकडलेल्याला युद्धकैद्याचा दर्जा आजही नाही. असं का? कारण कुठलंही सरकार आपल्याच नागरिकाला ‘शत्रुसैनिक’ म्हणून सन्मानाने वागवायला तयार नसतं. सरकारच्या लेखी तो गुन्हेगार, देशद्रोही. परक्या सैनिकाला जे संरक्षण मिळतं तेही घरातल्या शत्रूला मिळत नाही. ‘आतल्या शत्रूशी सीमेवरच्यासारखं वागा’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी समजून घ्यावं, की सीमेवर नियम असतात.

दुसरा आक्षेप मला जास्त अवघड वाटतो. यादवी आणि परकं युद्ध यांतली रेघ मुळात आहे कुठं? बंड जिंकलं की ते स्वातंत्र्ययुद्ध ठरतं, हरलं की फितुरी. १८५७ ला इंग्रज ‘शिपायांचं बंड’ म्हणत राहिले. किंवा १९७१ घ्या. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी सैन्य ढाक्यात आपल्याच नागरिकांवर तुटून पडलं तेव्हा ती यादवी होती. ३ डिसेंबरला भारत उतरला तेव्हा ते दोन देशांमधलं युद्ध झालं, आणि १६ डिसेंबरला एक नवा देश जन्माला आला. रेघ पुसट आहे, कबूल. पण १९७१ मध्ये एकाच भूमीवर दोन्ही युद्धं झाली, म्हणून त्यांचे शेवट शेजारी ठेवून पाहता येतात. भारताने पकडलेले सुमारे ९३ हजार कैदी एप्रिल १९७४ पर्यंत सगळे पाकिस्तानात परत गेले. तेरा दिवसांचं युद्ध, अडीच वर्षांत आवरलेला पसारा. आणि यादवीचा पसारा? बंगालमध्ये राहणारे उर्दू बोलणारे, ज्यांना तिथं ‘बिहारी’ म्हणतात, त्यांच्यातल्या अनेकांनी पाकिस्तानी सैन्याची बाजू घेतली होती. त्याचा सूड त्यांच्यातल्या निरपराधांवरही उगवला गेला. पाकिस्तानने त्यांच्यातल्या बहुतेकांना घेतलं नाही, बांगलादेशाने आपलं म्हटलं नाही. ढाक्यातल्या छावण्यांत त्यांची मुलं-नातवंडं वाढली, आणि नागरिकत्वाचा हक्क न्यायालयाने मान्य करायला २००८ साल उजाडलं. पाकिस्तानला साथ देणाऱ्या बंगाल्यांवर खटले चालवायला न्यायाधिकरण बसलं ते २०१० मध्ये. जुलै २०२४ मध्ये तर ‘रझाकार’, म्हणजे १९७१ मध्ये पाकिस्तानी सैन्याला साथ देणारा, या एका शब्दावरून ढाक्यातले विद्यार्थी पेटून उठले आणि पुढच्याच महिन्यात सरकार कोसळलं. आंदोलन आरक्षणाचं होतं, पण ठिणगी पडली ती ५३ वर्षं जुन्या यादवीतल्या शिवीने. रझाकार हा शब्द मराठवाड्यातल्या वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि त्याला सरळ शरण जायला हवं: काही यादव्या लढाव्याच लागतात. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात सहा लाखांवर सैनिक गेले, पण गुलामगिरी गेली. त्याहून कमी किमतीत ती जाणार होती का? मला वाटत नाही. म्हणून यादवी कधीच न्याय्य नसते असं मी म्हणत नाही. ती न्याय्य असली तरी तिचा हिशेब वेगळा असतो, एवढंच म्हणतो. त्याच अमेरिकेने १९४५ मध्ये जर्मनीला हरवलं आणि दहा वर्षांत, १९५५ मध्ये, पश्चिम जर्मनी तिच्याच लष्करी आघाडीत येऊन बसली. आणि दक्षिणेच्या जनरल लीच्या पुतळ्यावरून शार्लट्सव्हिलमध्ये माणसं एकमेकांवर धावून गेली ते २०१७ मध्ये, लीने शरणागती पत्करल्यानंतर १५२ वर्षांनी. मधल्या काळात उत्तर-दक्षिणेतल्या गोऱ्यांनी समेट केला तोही काळ्यांच्या हक्कांचा बळी देऊन. ‘घरातलं भांडण, उद्या मिटेल’ म्हणणाऱ्या त्या गृहस्थांपुढे मी हेच उदाहरण ठेवीन. परक्याशी झालेला तह कागदावर होतो. घरातल्याशी करायचा समेट पिढ्यानपिढ्या करत राहावा लागतो, आणि बहुधा त्याची किंमत तिसराच कुणी दुबळा भरतो.

मराठी भाषेला हे फार पूर्वी कळलेलं आहे. आपण या प्रकाराला ‘यादवी’ म्हणतो तो शब्द यादवकुळाच्या नाशावरून आला. गंमतीत वापरला जाणारा हा शब्द ज्या प्रसंगातून आला तो आपल्याला पुरता आठवत नाही. भारतीय युद्धाला ३६ वर्षं झाली आहेत. प्रभासक्षेत्री यादव जमले आहेत, मद्य चाललं आहे. सात्यकी कृतवर्म्याला डिवचतो: झोपलेल्यांना मारणारा तू कसला क्षत्रिय? कृतवर्मा उलटून विचारतो, हात तुटलेल्या, शस्त्र टाकून बसलेल्या भूरिश्रव्याचं मुंडकं तू कसं उडवलंस? कुरुक्षेत्रावर एक पांडवांकडून लढला होता, दुसरा कौरवांकडून. ३६ वर्षं दोघे एकाच द्वारकेत राहिले, एकाच सभेत बसले असतील. युधिष्ठिर हस्तिनापुरात राज्य करत होता, म्हणजे रीतसर युद्ध संपलं होतं. तरी युद्धातल्या त्या जुन्या रात्रीवरून मारलेल्या एका टोमण्यावर तलवार निघाली आणि समुद्रकाठचं गवत उपटून भावांनी भावांना मारलं. कृष्णालाही ते थांबवता आलं नाही. व्यासांनी परक्याशी झालेल्या कुठल्या लढाईचा शेवट असा लिहिला आहे? ज्या भाषेने आपल्या शब्दात ही आठवण साठवून ठेवली, ती बोलणाऱ्यांनी तरी यादवीला छोटं युद्ध समजू नये.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण बेळगावात कुणी बंदूक उचलली आहे? नाही. आणि उचलली जाणार नाही अशी माझी खात्री आहे. पण यादवी बंदुकीपासून सुरू होत नाही. तिची सुरुवात कशी होते याचं उदाहरण आपल्या अगदी जवळ आहे, आणि तेही भाषेचंच. १९५६. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षी श्रीलंकेत सिंहली ही एकमेव राजभाषा ठरवणारा कायदा झाला. संसदेत कोल्विन डी सिल्वा यांनी बजावलं होतं: दोन भाषा ठेवाल तर एक राष्ट्र, एक भाषा ठेवाल तर दोन राष्ट्रं. तमिळांनी आधी सत्याग्रहच केला, कोलंबोत गॉल फेसवर बसून मार खाल्ला. १९५७ मध्ये पंतप्रधान बंडारनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांच्यात करार झाला, तो दुसऱ्याच वर्षी कडव्यांच्या दबावाखाली मोडला. १९८१ मध्ये जाफन्याचं ग्रंथालय जाळलं गेलं, हजारो तमिळ पुस्तकं आणि हस्तलिखितं राख झाली. १९८३ च्या जुलैत कोलंबोत तमिळांची घरं आणि दुकानं शोधून शोधून पेटवली गेली. त्यानंतर २००९ पर्यंत युद्ध. आपलं शांतिसैन्यही त्यात ओढलं गेलं, सुमारे १२०० भारतीय जवान तिथं पडले. ज्या मराठा रेजिमेंटचं केंद्र आमच्या कॅम्पात आहे, तिच्या पलटणीतलेही जवान तिथं होते. लुंगी नेसून शेतात उभा असलेला माणूस शेतकरी की ‘वाघ’, म्हणजे तमिळ बंडखोर, हे ओळखायचं कसं? सीमेवरच्या जवानाला हा प्रश्न पडत नाही, समोरच्याच्या अंगावर वर्दी असते.

भारतात हे का झालं नाही? आपण जात्याच शहाणे होतो म्हणून नव्हे. भाषावार राज्यं दिली तर देश फुटेल अशी भीती दिल्लीत मोठमोठ्यांना होती. ती राज्यं दिली, आणि देश टिकला. आमच्यावर मात्र त्या वाटणीत अन्याय झाला, असं मी मानतो आणि शेवटपर्यंत मानत राहीन. १७ जानेवारीला मी सीमालढ्याच्या हुतात्म्यांना अभिवादन करायला जातो. १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरुद्ध उभे राहिलेले लोक गोळीबारात गेले, ते विसरण्यासारखं नाही. पण या सगळ्या वर्षांत आमचा लढा मोर्चे, मतपेटी आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातला दावा या वाटांनी चालला. त्याला नेभळटपणा म्हणणाऱ्यांनी जाफन्याच्या तमिळांना विचारावं, की ही वाट त्यांच्यासाठी उघडी राहिली असती तर ती त्यांनी सोडली असती का.

इथंच ‘शांत राहा’ या उपदेशातला धोकाही सांगायला हवा, कारण तो नेहमी दुबळ्यालाच केला जातो. सीमाभागातल्या मराठी माणसाने यादवी टाळायची आणि सरकारने दारं बंद करत जायची, हा सौदा चालणार नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असं राज्यघटनेचं ३५०-अ कलम सांगतं. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त असतील तिथं सरकारी नियम-सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असं ठरलेलं आहे. ते पाळलं जावं म्हणून खानापूरच्या शेतकऱ्याला अजून निवेदनं द्यावी लागतात. सातबाऱ्यावरची आपली जमीन आपल्याला वाचता येऊ नये, ही साधी गोष्ट नाही. श्रीलंकेत १९५६ मध्ये सरकारी कागद असेच एका भाषेत गेले होते. म्हणून माझा हा लेख जितका त्या तरुणासाठी आहे तितकाच बेंगळुरूसाठी आहे. अर्ज, मोर्चा, खटला या वाटा जो अरुंद करतो तोही यादवीकडेच ढकलत असतो, भले त्याच्या हातात दगड नसो.

आणि हातात दगड घेणारे दोन्हीकडे आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राची नंबरप्लेट बघून ट्रकांवर दगड पडले, मग पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं. त्या ट्रकाचा ड्रायव्हर किंवा बसचा कंडक्टर घरी कुठली भाषा बोलतो हे कुणी विचारलं होतं का? नंबरप्लेटला वर्दी समजणं, इथूनच घरातल्या माणसाला परका करायला सुरुवात होते. आपल्याकडे परक्या सैन्यासारखी रेघ ओढता येत नाही. बेळगावच्या कुठल्याही गल्लीत मराठी घराला लागून कन्नड घर आहे, आणि कित्येक घरांत सासू एका भाषेत बोलते, सून दुसऱ्या भाषेत उत्तर देते.

चर्चा संपल्यावर मी त्या तरुणाला बाहेर चहाच्या गाड्यावर गाठलं. पोरगा मनाने चांगला, आणि त्याचा राग खरा होता. वडिलांच्या दुकानाच्या पाटीवरून नोटीस आली होती. आम्ही बराच वेळ बोललो. बोलता बोलता कळलं की त्याची आत्या बैलहोंगलला दिली आहे, तिची मुलं कन्नड शाळेत शिकली, थोरला तिथंच शिक्षक आहे. मी विचारलं, तू मघाशी जी आघाडी उभी केलीस तिच्यात आत्या कुठल्या बाजूला? तो चहाचा पेला हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, “बाबा दरवर्षी भाऊबीजेला तिच्याकडं जातात. यंदा मलाही चल म्हणालेत.”